‘रिफिट’ आणि ‘रिपेअर’: एका ब्रिटिश युद्धनौकेची बत्तीस वर्षं

ब्रिटिश नौदलात दोन सख्ख्या बहिणी होत्या. कागदोपत्री त्यांची नावं ‘रिनाउन’ आणि ‘रिपल्स’. खलाशांनी मात्र त्यांचं परस्पर बारसं केलं होतं. एकीला ते ‘रिफिट’ म्हणत, म्हणजे जुनी नौका गोदीत उघडून पुन्हा नव्याने सज्ज करणं, आणि दुसरीला ‘रिपेअर’, म्हणजे दुरुस्ती. दोघींचा इतका काळ गोदीत जायचा, की ही टोपणनावं त्यांना कायमची चिकटली.

आपल्याकडेही अधूनमधून बातमी येते: अमुक नौका रिफिटसाठी गोदीत दाखल, इतके महिने, इतके कोटी. वाचणाऱ्याच्या मनात साधा प्रश्न येतो. चांगली चालती नौका आहे, तिच्यावर पुन्हा एवढा खर्च कशाला? आणि एवढा खर्च करायचाच असेल तर नवीच का बांधत नाहीत? मला हा प्रश्न फार रास्त वाटतो. उत्तर शोधायचं तर ‘रिनाउन’चं आयुष्य सुरुवातीपासून बघावं. दोन बहिणी, एकच आराखडा, एकाच दिवशी सुरू झालेलं बांधकाम. एक १९४१ साली समुद्राच्या तळाशी गेली, दुसरी युद्ध संपेपर्यंत लढत राहिली. ही तफावत काही अंशी नशिबाची होती आणि बरीचशी गोदीत ठरली होती.

## युद्धनौका म्हणजे पाठीवरची सॅक

सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्याला हे लगेच कळेल. सॅक एकच आणि पाठही एकच. जास्त पाणी घेतलं तर शिधा कमी, तंबू घेतला तर चाल मंदावते. सगळंच भरलं तर गड चढून होत नाही.

युद्धनौकेचंही तसंच असतं. तिला तीन गोष्टी हव्या असतात: मोठ्या तोफा, जाड चिलखत आणि वेग. चिलखत म्हणजे नौकेच्या अंगावर बसवलेली पोलादाची जाड पाटी, शत्रूचा गोळा अडवण्यासाठी. तिन्ही गोष्टी जड. वेगालाही वजन लागतं, कारण वेग म्हणजे जास्त बॉयलर आणि मोठी इंजिनं. त्यामुळे एका गोष्टीला झुकतं माप दिलं की दुसरीकडे काटछाट करावीच लागते.

बॅटलशिप नावाच्या नौकेत तोफा आणि चिलखत यांना मान असे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या उत्तम ब्रिटिश बॅटलशिपचं चिलखत मध्यभागी १३ इंच जाड होतं. बॅटलक्रूझर नावाच्या दुसऱ्या जातीत तोफा बॅटलशिपइतक्याच मोठ्या ठेवायच्या, पण चिलखत पातळ करून वाचलेलं वजन वेगाला द्यायचं. ज्याला मारता येईल त्याला पाठलाग करून गाठायचं आणि जो आपल्याला मारू शकेल त्याच्या टप्प्यातून वेळीच निसटायचं.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. हलकं, चपळ घोडदळ याच हिशोबाने लढायचं. त्याचा धोकाही आपल्याला ठाऊक आहे: निसटायची मोकळीक असेल तोवरच चपळाईचा उपयोग. तेच घोडदळ मैदानात समोरासमोर उभं केलं, की हिशोब उलटतो. पानिपतावर गनिमी कावा की गोलाची लढाई, हा वाद आपण अजून घालतो आहोत.

## तीन नावं, जी पुढे पुन्हा भेटणार आहेत

बॅटलक्रूझरचा जनक अॅडमिरल जॅकी फिशर. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा ‘रिनाउन’ आणि ‘रिपल्स’ या नावांच्या दोन बॅटलशिपची कामं थांबवली गेली होती, कारण युद्ध लवकर संपेल आणि तोवर त्या तयार होणार नाहीत, असा अंदाज होता. ऑक्टोबरअखेर फिशर पुन्हा नौदलप्रमुख झाला आणि ८ डिसेंबर १९१४ रोजी दक्षिण अटलांटिकमध्ये फॉकलंड बेटांजवळ लढाई झाली. दोन ब्रिटिश बॅटलक्रूझर आणि त्यांच्या सोबतच्या नौकांनी जर्मन अॅडमिरल फॉन श्पे याचा ताफा गाठला आणि त्यातल्या बहुतेक नौका बुडवल्या. बुडालेल्या नौकांत दोन प्रमुख होत्या, ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नाइझनाउ’. अॅडमिरल स्वतःही गेला. ही तीन नावं लक्षात ठेवा.

फिशरला हवा तो पुरावा मिळाला. त्याने थांबलेल्या बॅटलशिपच्या जागी दोन बॅटलक्रूझर मागितल्या आणि मिळवल्या. २५ जानेवारी १९१५ रोजी, त्याच्या चौऱ्याहत्तराव्या वाढदिवशी, दोघींचे कणे बसवले गेले. ‘रिनाउन’ ग्लासगोजवळच्या गोव्हनमध्ये फेअरफिल्डच्या गोदीत आणि ‘रिपल्स’ क्लाइड नदीवरच खाली क्लाइडबँकला. फिशरला त्या पंधरा महिन्यांत हव्या होत्या. वीस महिने लागले, तरी एवढ्या मोठ्या नौकेसाठी हा वेग थक्क करणारा आहे.

बनलं ते असं: २४२ मीटर लांबी, १५ इंच व्यासाच्या सहा तोफा, वेग सुमारे ३२ नॉट. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ही सुमारे २७ हजार टनांची नौका ताशी ५९ किलोमीटर वेगाने धावू शकत होती. एकेका गोळ्याचं वजन ८७० किलोंच्या आसपास, म्हणजे साधारण एका छोट्या मोटारीएवढं. आणि चिलखत? फक्त सहा इंच. तत्कालीन बॅटलशिपच्या निम्म्याहूनही कमी.

## जन्मण्याआधीच जुनी

‘रिनाउन’ पाण्यात उतरली ४ मार्च १९१६ रोजी. तिच्यावर तोफा-यंत्रं चढत असतानाच, ३१ मेला उत्तर समुद्रात जुटलंडची लढाई झाली. काही तासांत तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोट होऊन फुटल्या. तीन हजारांहून अधिक माणसं गेली. बहुतेकांना काय झालं हे कळायलाही वेळ मिळाला नसेल.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे पातळ चिलखत हाच गुन्हेगार. पूर्ण तसं नाही. ब्रिटिश तोफखान्यात तेव्हा भराभर गोळे सोडण्याचा अट्टहास होता. त्यासाठी दारूच्या थैल्या कोठारातून आधीच काढून तोफेपाशी रचल्या जायच्या आणि मधली आगरोधक दारं उघडी राहायची. फटाक्यांच्या दुकानात मागची कोठी उघडी टाकून पुढे फुलबाजी लावावी, तसलाच प्रकार. वर पडलेल्या गोळ्याची आग थेट खालच्या कोठारात पोचली. पातळ चिलखताने आगीला आत घेतलं आणि निष्काळजी सवयींनी तिला वाट करून दिली.

काही का असेना, सप्टेंबर १९१६ मध्ये ‘रिनाउन’ तयार होऊन आली तेव्हा आरमाराच्या सेनापतीचा, जेलिकोचा, तिच्यावर भरवसा नव्हता. नवीकोरी नौका, आणि पहिलं काम काय? परत गोदीत जाऊन डेकवर सुमारे पाचशे टन जादा चिलखत चढवणं. फिशर तोवर राजीनामा देऊन गेलाही होता. ‘रिफिट’ हे टोपणनाव किती रास्त होतं बघा. उरलेल्या पहिल्या महायुद्धात तिला शत्रूवर तोफ डागायची वेळ आली नाही.

## मग शांततेच्या काळात तिने केलं काय?

युद्ध संपल्यावर एवढ्या नौकेचा उपयोग काय, ही शंका तेव्हाही होतीच. ब्रिटिश सरकारने तिला मिरवणुकीचं काम दिलं. संस्थानिकांच्या मिरवणुकीत अंबारीचा हत्ती लढत नसतो. पण गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला सत्ता कोणाची आहे हे तो न बोलता सांगतो. ‘रिनाउन’ हा साम्राज्याचा तसा हत्ती होता. वेगवान, लांबसडक, दिसायला देखणी. १९१९ मध्ये ती युवराज एडवर्डला कॅनडा-अमेरिकेकडे घेऊन गेली, १९२० मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला. पाहुण्यांसाठी तिच्यावर स्क्वॉश कोर्ट आणि सिनेमागृहही उभारलं गेलं.

आणि १७ नोव्हेंबर १९२१ रोजी ती मुंबई बंदरात आली.

हा दिवस मुंबईच्या इतिहासात आहे, पण ज्या नौकेवरून तो सुरू झाला तिचं नाव आपल्याला सहसा आठवत नाही. युवराज अपोलो बंदरावर उतरला. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं. ते १९२४ मध्ये खुलं झालं. असहकार आंदोलन ऐन भरात होतं, काँग्रेसने स्वागतावर बहिष्कार पुकारला होता. बंदरावर तोफांची सलामी होत असताना शहराच्या दुसऱ्या टोकाला, परळ भागात, गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी पेटली होती. थोड्याच वेळात शहर बिघडलं. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती लोकांवर जमावाने हल्ले केले, ट्राम जाळल्या, दारूची दुकानं फोडली, पोलिसांना मारलं. मग उलट हल्ले झाले, गोळीबार झाला. तीन-चार दिवसांत पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधीजींनी १९ तारखेला उपास धरला, तो शहर शांत झाल्यावर सोडला. बारडोलीत सुरू होणारा सामुदायिक कायदेभंग त्यांनी पुढे ढकलला.

त्याच १९ नोव्हेंबरला युवराज पुण्यात होता. छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभ्या राहणाऱ्या शिवस्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसवली गेली. सासवण्याच्या करमरकरांनी घडवलेला तिथला अश्वारूढ पुतळा नंतर, १९२८ मध्ये, उभा राहिला. मुंबईत उपास आणि दंगल, पुण्यात कोनशिला, आणि दोन्हींच्या मागे बंदरात नांगरलेली एकच नौका. हत्ती मिरवून सत्ता ठसवता येते हा हिशोब त्या आठवड्यात मुंबईत साफ चुकला, असं मला वाटतं. ज्यांनी जीव गमावले त्यात दोन्ही बाजूंची साधी माणसं होती, हेही विसरता येत नाही.

युवराजाच्या लवाजम्यात एक तरुण नौदल अधिकारी होता, लुई माउंटबॅटन. याच दौऱ्यात, फेब्रुवारी १९२२ मध्ये, दिल्लीत त्याने एडविनाला लग्नाची मागणी घातली. पंचवीस वर्षांनी तो त्याच दिल्लीत शेवटचा व्हाइसरॉय म्हणून आला. युवराज मार्चमध्ये कराचीहून पुन्हा ‘रिनाउन’वर चढला आणि जपानकडे निघाला.

१९२७ मध्ये तिने युवराजाच्या धाकट्या भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला, ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या नव्या संसदेच्या उद्घाटनासाठी नेलं. परतताना हिंदी महासागरात बॉयलरखोलीत तेल पेटलं. आग दारूच्या कोठाराकडे सरकण्याआधी खलाशांनी ती आटोक्यात आणली. हा ड्यूक पुढे या गोष्टीत परत येईल.

## नवी का नाही बांधली?

आता तो मूळ प्रश्न. जुन्यावर ठिगळं लावत बसण्यापेक्षा नवी नौका का नको?

युवराज भारतात फिरत होता त्याच दिवसांत, ६ फेब्रुवारी १९२२ रोजी, वॉशिंग्टनमध्ये एक करार झाला. ब्रिटन, अमेरिका, जपान, फ्रान्स आणि इटली या पाच देशांनी ठरवलं की आता मोठ्या युद्धनौकांची चढाओढ थांबवायची. पुढची दहा वर्षं, मोजके अपवाद सोडता, कोणी नवी बॅटलशिप किंवा बॅटलक्रूझर सुरू करायची नाही. १९३० मध्ये लंडनला ही मुदत आणखी वाढली आणि बंदी १९३६ च्या अखेरपर्यंत लांबली.

पण करारात एक खिडकी होती. असलेल्या नौकेवर विमान आणि पाणबुडी यांच्यापासून बचावासाठी तीन हजार टनांपर्यंत वजन वाढवायला परवानगी होती. सोसायटीला नवी इमारत बांधायला मनाई, पण जुनीची डागडुजी आणि मजबुती करता येईल, असाच हा नियम. मग सगळी बुद्धी आणि सगळा पैसा डागडुजीकडे वळला. तज्ज्ञांना नवं नको होतं असं नाही. दारच बंद होतं.

पैशाचा भागही होता. त्या काळी नवी बॅटलशिप सत्तर लाख पौंडांच्या घरात जायची. ‘रिनाउन’चं सगळ्यात मोठं नूतनीकरण तीस लाखांच्या थोडं वर गेलं.

## रिफिट म्हणजे रंगरंगोटी नव्हे

एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत चासी तीच ठेवून वर नवी बॉडी बांधतात, हे अनेकांना माहीत असेल. गाडीचा सांगाडा तोच, बाकी सगळं नवं. ‘रिनाउन’चं दोनदा असं झालं, आणि दुसऱ्यांदा इंजिनही बदललं.

पहिली मोठी खेप १९२३ ते १९२६. बाजूचं सहा इंची चिलखत उतरवून नऊ इंची बसवलं. ‘रिपल्स’चं हे काम तिच्या आधीच झालं होतं. त्यासाठी वापरलेल्या पाट्या चिलीसाठी बांधायला घेतलेल्या एका बॅटलशिपमधून उरल्या होत्या, कारण त्या बॅटलशिपची विमानवाहू नौका करायचं ठरलं होतं. गोदीत काही वाया जात नाही.

दुसरी आणि खरी खेप १९३६ ते १९३९, पोर्ट्समथच्या गोदीत. मुख्य डेकच्या वरचं जवळजवळ सगळं कापून काढलं. आत बेचाळीस बॉयलर होते. बेचाळीस! लग्नघरी स्वयंपाकाला बेचाळीस चुली मांडाव्यात, प्रत्येकीपाशी एक माणूस बसवावा, तसं. त्यांच्या जागी आठ नवे बॉयलर आले आणि एकूण शक्ती उलट वाढली. जागा आणि वजन मिळून एवढी बचत झाली की ती चिलखत आणि तोफांना देता आली. ट्रेकच्या भाषेत, जुनी पितळी भांडी टाकून हलकी घेतली, आणि वाचलेल्या जागेत तंबू बसला.

मुख्य तोफा त्याच राहिल्या, पण आधी त्यांची तोंडं वीस अंशांपर्यंतच उचलता यायची, ती आता तीस अंशांपर्यंत उचलता येऊ लागली. चेंडू सपाट फेकला तर जवळ पडतो, थोडा वर फेकला तर लांब जातो. एवढ्या एका बदलाने मारा कितीतरी किलोमीटरने लांबला. आणि विमानांवर मारा करायला साडेचार इंची वीस नव्या तोफा बसल्या, ज्या जहाजांवरही चालत.

‘रिपल्स’च्या वाट्याला एवढं आलं नाही. १९३३ ते १९३६ मध्ये तिचंही काम झालं, पण बेतानं. बेचाळीस बॉयलर तसेच राहिले. विमानांवर मारा करणाऱ्या मोठ्या तोफा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि ब्रिटनची सगळ्यात प्रसिद्ध बॅटलक्रूझर ‘हूड’ तर रांगेतच राहिली. तिचं मोठं काम १९४१ मध्ये करायचं ठरलं होतं.

## तीस लाख पौंड वसूल झाले का?

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हाच ‘रिनाउन’ गोदीतून बाहेर पडत होती. आणि आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली नावं.

जर्मनीने आपल्या नव्या नौकांना फॉकलंडला बुडालेल्यांची नावं दिली होती. ‘अॅडमिरल ग्राफ श्पे’ दक्षिण अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजं बुडवत फिरत होती. तिला शोधायला ज्या तुकड्या निघाल्या, त्यांतल्या एकीत विमानवाहू ‘आर्क रॉयल’ आणि ‘रिनाउन’ होत्या. डिसेंबरात तीन लहान ब्रिटिश क्रूझरशी लढून जखमी झालेली ‘ग्राफ श्पे’ उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात अडकली. ब्रिटिशांनी आवई उठवली की ‘रिनाउन’ आणि ‘आर्क रॉयल’ बंदराबाहेर येऊन थांबल्या आहेत. प्रत्यक्षात त्या पार रिओ द जानेरोला होत्या. जर्मन कप्तानाने आवईवर विश्वास ठेवला आणि १७ डिसेंबरला स्वतःची नौका स्वतःच उडवून दिली. एक गोळा न झाडता ‘रिनाउन’ने आपला वाटा उचलला. मिरवणुकीतल्या हत्तीचा उपयोग होतो तो कधीकधी असा.

खरी परीक्षा ९ एप्रिल १९४० च्या पहाटे झाली. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपाशी वादळ, हिमवर्षाव, डोंगरासारख्या लाटा. ‘रिनाउन’ला समोर दोन जर्मन नौका दिसल्या: नवी ‘शार्नहोर्स्ट’ आणि नवी ‘ग्नाइझनाउ’. ज्या लढाईमुळे ‘रिनाउन’ जन्माला आली, तीत बुडालेल्यांच्याच नावाच्या. त्यांच्याकडे अकरा इंची अठरा तोफा, हिच्याकडे पंधरा इंची सहा. शिवाय त्या तिच्यापेक्षा वीस वर्षांहून नव्या आणि चिलखताने जाड. तरी व्हाइस अॅडमिरल व्हिटवर्थने थेट हल्ला चढवला. ‘रिनाउन’चे तीन गोळे ‘ग्नाइझनाउ’ला लागले आणि तिची नेमबाजीची मुख्य यंत्रणा बंद पडली. ‘रिनाउन’ला दोन लागले, पण तिला फारशी इजा झाली नाही. दोन्ही जर्मन नौका वेग वाढवून वादळात निघून गेल्या. बर्फाच्या पडद्याआड आणखी ब्रिटिश नौका असाव्यात असंही त्यांना वाटलं होतं. कोणी बुडालं नाही, म्हणून इतिहासात ही चकमक छोटी ठरते. पण चोवीस वर्षांची नौका दोन तरुण नौकांमागे लागली, हे दृश्य १९१६ मधल्या सहा इंची ‘रिनाउन’कडून घडलं नसतं.

मग ती जिब्राल्टरला गेली. अॅडमिरल सॉमरव्हिलच्या ‘फोर्स एच’ या ताफ्याची ती प्रमुख नौका झाली आणि माल्टाकडे जाणाऱ्या काफिल्यांची राखण करू लागली. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिने इटलीच्या जेनोआ बंदरावर तोफा डागल्या. मे महिन्यात जर्मन ‘बिस्मार्क’ अटलांटिकमध्ये घुसली आणि २४ तारखेला तिने ‘हूड’ला बुडवलं. स्फोट होऊन ‘हूड’ काही मिनिटांत नाहीशी झाली. चौदाशेहून अधिक माणसं होती, वाचली फक्त तीन. तिचं ठरलेलं मोठं काम झालंच नव्हतं.

‘रिनाउन’ही ‘बिस्मार्क’च्या मागावर होती. लंडनहून हुकूम आला: मोठ्या बॅटलशिप लढाईत उतरल्याशिवाय तू एकटीने ‘बिस्मार्क’ला भिडायचं नाही. हा हुकूम मला फार महत्त्वाचा वाटतो. नौदलाला कळत होतं की एवढ्या दुरुस्तीनंतरही ही बॅटलक्रूझरच आहे, बॅटलशिप नाही. २६ मेला सोबतच्या ‘आर्क रॉयल’वरून उडालेल्या जुनाट दुपंखी विमानांच्या टॉर्पेडोने, म्हणजे पाण्याखालून धावणाऱ्या स्फोटक अस्त्राने, ‘बिस्मार्क’चं सुकाणू निकामी केलं. दुसऱ्या दिवशी ती बुडाली.

## ‘रिपल्स’चंही तेवढंच काम केलं असतं, तर वाचली असती का?

१० डिसेंबर १९४१. मलायाच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे, कुआंतानजवळ. नवी बॅटलशिप ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि हिंदी महासागरातून पुढे धाडलेली ‘रिपल्स’. वर स्वतःचं एकही लढाऊ विमान नाही. सायगाववरून उठलेली जपानी विमानं आली. ‘रिपल्स’चा कप्तान टेनंट आपली २४२ मीटरची नौका होडीसारखी वळवत राहिला. एकामागून एक टॉर्पेडो बाजूने निघून गेले. शेवटी विमानं एकाच वेळी अनेक बाजूंनी आली. एकीकडचा टॉर्पेडो चुकवायला वळावं तर दुसरीकडचा समोर. लागोपाठ टॉर्पेडो बसले आणि काही मिनिटांत ती उलटली. पाचशेहून अधिक माणसं गेली.

अधिक तोफा असत्या तर ती वाचली असती, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. कारण तिच्याबरोबर बुडालेली ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ अगदी नवी होती, विमानविरोधी तोफा आधुनिक होत्या, तरीही ती गेली. खरी उणीव आकाशात होती. रिफिट म्हणजे अमरपट्टा नव्हे. ‘रिनाउन’चं नशीब असं की तिच्यासोबत जवळपास नेहमीच विमानवाहू नौका असायची. नवी शक्तिशाली इंजिनं असल्यामुळेच ती त्या वेगवान नौकांबरोबर धावू शकत होती, हेही तितकंच खरं. गोदीतल्या कामाने तिला योग्य सोबत मिळवून दिली. ‘रिपल्स’ला त्या दिवशी ती सोबत नव्हती.

तिचा सांगाडा आज समुद्रतळाशी युद्धस्मशान म्हणून आहे, आणि तरीही भंगारचोरांनी तो सोडलेला नाही. मे २०२३ मध्ये मलेशियाच्या सागरी यंत्रणेने एक चिनी बार्ज ताब्यात घेतली. तिच्यावर जुने तोफगोळे आणि लोखंड सापडलं. या दोन नौकांवरच ती लूट चालल्याचा संशय होता. ज्यांचे आजोबा तिथे बुडाले, त्यांना ही बातमी वाचताना काय झालं असेल, याची कल्पना करवत नाही.

## पूर्वेकडे, अंदमानपाशी

१९४३ मध्ये ‘रिनाउन’ने चर्चिलची दोनदा ने-आण केली. सप्टेंबरात कॅनडातून मायदेशी, नोव्हेंबरात कैरोच्या परिषदेकडे. जानेवारी १९४४ मध्ये ती कोलंबोला पोचली. बहीण गमावली होती त्याच दिशेला. फरक एवढाच की आता ताफ्यात विमानवाहू नौका होत्या. एप्रिलमध्ये ‘इलस्ट्रियस’ आणि अमेरिकेची ‘साराटोगा’ यांच्या विमानांनी सुमात्राच्या साबांगवर हल्ला केला तेव्हा ती सोबत होती. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीस तिने कार निकोबार आणि पोर्ट ब्लेअरवर तोफा डागल्या. अंदमान तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होतं आणि चारच महिन्यांपूर्वी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजींनी तिथे तिरंगा फडकवला होता. जपानी अंमलाखाली भरडलेल्या बेटवासीयांवर आता समुद्राकडूनही गोळे येत होते.

२ ऑगस्ट १९४५ रोजी ती प्लिमथला नांगरून होती. जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या परिषदेहून मायदेशी निघालेले अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन तिच्यावर जेवायला आले. यजमान होता राजा सहावा जॉर्ज, म्हणजे १९२७ मध्ये याच नौकेवरून ऑस्ट्रेलियाला गेलेला तो ड्यूक ऑफ यॉर्क. त्या भेटीत अणुबाँबचा विषय निघाला. चार दिवसांनी तो हिरोशिमावर पडला.

१९४८ च्या ऑगस्टमध्ये ‘रिनाउन’ला ओढत स्कॉटलंडच्या फासलेनला नेलं. जिथे बांधली गेली त्या क्लाइडच्याच खाडीत, वायव्येला. तिथे तिचे तुकडे झाले. वीस वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याच नावाची नवी नौका ब्रिटिश नौदलात दाखल झाली. तिला चिलखत नव्हतं, तोफाही नव्हत्या. ती अण्वस्त्रं वाहणारी पाणबुडी होती, आणि तिचा तळ होता फासलेन.